नर्तकीचे दप्तर आणि कादंबरीकाराचे स्वातंत्र्य

ऐतिहासिक कादंबरीची चर्चा आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांपासून बहुधा राजे, सरदार आणि लढाया यांच्या अनुषंगाने होत आली आहे. अशा कादंबरीच्या नायकांविषयी बखरी, पत्रे व सनदा उपलब्ध असतात. कादंबरीकाराला त्यांतून निवड करावयाची असते. परंतु ज्या व्यक्तींची नावे केवळ हजेरीपटात, पगाराच्या नोंदीत किंवा पोलिसांच्या कागदांत आढळतात, त्यांच्याविषयी लिहिताना कादंबरीकाराची अडचण वेगळी असते. साधनेच तुटपुंजी असतात आणि जी असतात ती दुसऱ्यांनी आपल्या सोयीने लिहिलेली असतात. रंगभूमीवर नृत्य करून उपजीविका करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी याच वर्गात मोडतात. कॅनेडियन लेखिका कॅथी मेरी ब्यूकॅनन यांची ‘द पेंटेड गर्ल्स’ (2013) ही कादंबरी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

कादंबरीचा विषय पॅरिसमधील व्हान गोएथेम भगिनींचा आहे. बेल्जियममधून आलेल्या या कुटुंबात वडील शिंपीकाम करीत, आई धोबीण होती. मधली मुलगी मारी हिचा जन्म 1865 मधील. 1878 मध्ये ती आणि धाकटी लुईझ-जोझेफीन, जिला कादंबरीत शार्लोत म्हटले आहे, पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेत दाखल झाल्या. 1880 मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन मारीने समूहनर्तकींत प्रवेश मिळविला. 1882 मध्ये वर्गांना गैरहजर राहिल्यामुळे तिला काढून टाकण्यात आले आणि त्यानंतर तिचा माग लागत नाही. त्याच वर्षी थोरल्या आंत्वानेतला चोरीच्या आरोपावरून तुरुंगवास झाला. दप्तरातून मिळणारे मारीचे चरित्र जवळजवळ एवढेच आहे.

हे चरित्र आज कोणाला जाणून घ्यावेसे वाटते, याचे कारण चित्रकार एदगार देगा हा होय. त्याच्या ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ या मेणाच्या शिल्पासाठी मारी नमुना म्हणून उभी राहिली. खरा झगा, खरे बूट आणि केसांना खरी फीत घातलेले हे शिल्प 1881 च्या सहाव्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात काचेच्या कपाटात मांडले गेले. ह्युइस्मान्ससारख्या लेखकाने त्याच्या आधुनिकतेचे स्वागत केले. पण अनेक टीकाकारांना त्या मुलीच्या कपाळात व जबड्यात दुर्गुणांची चिन्हे दिसली. लोम्ब्रोझोचा गुन्हेगारविषयक ग्रंथ 1876 मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचे शास्त्र शिष्टसंमत होऊ पाहत होते. देगाने त्याच प्रदर्शनात एमिल आबादी व मिशेल क्नोब्लोख या तरुण आरोपींची खडूचित्रेही ठेविली होती. एकाच प्रदर्शनातील या दोन कृतींमुळे नर्तकीचा चेहरा आणि गुन्हेगाराचा चेहरा प्रेक्षकाच्या मनात परस्परांशेजारी आले.

या पूर्वग्रहाला ऑपेराची व्यवस्थाही कारणीभूत होती. 1875 मध्ये उघडलेल्या पाले गार्निए या नव्या वास्तूत नर्तकींसाठी एक आलिशान दालन होते आणि वर्गणीदार धनिकांना तेथे मुक्त प्रवेश असे. कनिष्ठ श्रेणीतील मुलींचा पगार अपुरा पडे. म्हणून आश्रयदात्याची गरज जवळजवळ गृहीत धरलेली होती. अशा स्थितीत गरिबीचे खापर मुलींच्या चारित्र्यावर फोडणे समाजाला सोयीचे होते. ‘कार्मेन’चा सहलेखक ल्युदोविक आलेव्ही याने आपल्या कार्दिनाल कुटुंबाच्या कथांत नर्तकी मुलींच्या आयांचे उपहासपूर्ण चित्र रंगविले आहे. या कथा चतुर आहेत. पण त्यांतील निवेदक त्या दालनात पाहुणा म्हणून वावरणारा पुरुष आहे. मुली त्याला दिसतात, त्यांच्या घरातील चूल मात्र दिसत नाही.

ब्यूकॅनन यांनी नेमका हा दृष्टिकोन पालटला आहे. कादंबरीची प्रकरणे मारी आणि आंत्वानेत आळीपाळीने सांगतात. वडिलांच्या मृत्यूनंतर थकलेले घरभाडे, पहाटेचे कष्ट, पायांचे दुखणे आणि परीक्षेची धास्ती या गोष्टी त्यामुळे कथेच्या केंद्रस्थानी येतात. नृत्य हे येथे आधी एक काम आहे. मारी वर्तमानपत्रे वाचते आणि आपल्या चेहऱ्याविषयी शास्त्रज्ञ काय म्हणतात या विचाराने खचते. टीकाकारांचे मत येथे त्याच मुलीच्या मनावरील ओझे बनते. दप्तरात ‘गैरहजर’ एवढाच शब्द आहे. त्यामागील कारणपरंपरा, वर्गणीदाराच्या आश्रयाची किंमत धरून, कादंबरी उभी करते. ही कारणे कल्पित आहेत. पण तत्कालीन व्यवस्थेशी ती विसंगत नाहीत. पुराव्याची पोकळी भरण्याचा हा मार्ग रास्त म्हणावयास हरकत नाही.

कादंबरीतील दुसरी कल्पना मात्र अधिक चिकित्सेस पात्र आहे. झोलाच्या ‘लासोम्वार’चे नाट्यरूप 1879 मध्ये आंबिग्यू नाट्यगृहात झाले. या प्रयोगाच्या निमित्ताने आंत्वानेत आणि आबादी यांची भेट होते व पुढे त्यांचे प्रेम जडते, असे लेखिकेने दाखविले आहे. या दोघांच्या परिचयाला पुरावा नाही. प्रदर्शनातील शेजार लेखिकेने येथे कथानकातील नात्यात रूपांतरित केला आहे. हेतू उघडच उलट आहे: जन्मजात गुन्हेगारीचा सिद्धांत खोडून काढून परिस्थितीचा व निवडीचा वाटा दाखविणे. तथापि नर्तकीच्या घराण्याची कथा सांगण्यासाठी खुनाचा खटला जोडावा लागावा, यात 1881 च्या प्रेक्षकाची सवय काही अंशी कायम राहते.

याचा परिणाम धाकट्या बहिणीच्या चित्रणात दिसून येतो. तिघींपैकी नृत्य हा खरोखर आयुष्यभराचा व्यवसाय लुईझ-जोझेफीननेच केला. ती ऑपेरात नर्तकी झाली आणि पुढे तेथेच शिक्षिका म्हणून तिने दीर्घकाळ काम केले. कादंबरीत तिला निवेदनाचा अधिकार नाही. नियमित सराव, क्रमाने मिळालेली बढती आणि शिकविण्यात गेलेली वर्षे यांतून कथानकाला लागणारा संघर्ष सहजासहजी निघत नाही. परंतु त्याच घरातून, त्याच नृत्यशाळेतून ती टिकून राहिली, ही गोष्ट चेहऱ्यावरून भविष्य सांगणाऱ्यांना दप्तराने दिलेले सर्वांत स्पष्ट उत्तर आहे. त्यासाठी कल्पिताची गरजही नव्हती.

तात्पर्य, अशा कादंबरीचे मूल्यमापन करताना केवळ तपशिलांची सत्यासत्यता पाहणे पुरेसे नाही. कल्पिताने कोणती पोकळी भरली आणि उपलब्ध पुराव्यापैकी काय मागे ठेविले, हे दोन्ही तपासावयास हवे. मारीच्या बाबतीत ब्यूकॅनन यांनी मूक नोंदीला माणसाचे मन दिले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. टिकून राहिलेल्या नर्तकीची कादंबरी मात्र अद्याप लिहावयाची राहिली आहे. तिचा आधार ऑपेराच्या दप्तरात आहे. बहिणींची अधोगती शोधणाऱ्या वाचकाच्या नजरेतून तो सहज निसटतो.