बोनस : बक्षिसाचा हक्क कसा झाला

दिवाळी जवळ आली की 'यंदा बोनस किती?' हा प्रश्न कारखान्यापासून महापालिकेपर्यंत सगळीकडे सुरू होतो. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ 'चांगला'. अठराव्या शतकात तो लंडनच्या शेअरबाजारात वरकड लाभासाठी रुळला. आपल्याकडे त्याला खरा अर्थ दिला तो मुंबईच्या गिरणगावाने.

पहिल्या महायुद्धात कापडगिरण्यांची चांदी झाली, पण धान्यही महागले. कामगार साच्यावर टिकवायचा तर पगाराच्या वर काहीतरी देणे भाग होते. १९१७ मध्ये मालकांनी पगारावर दहा टक्के युद्धबोनस सुरू केला; पुढच्या वर्षी तो पंधरा टक्के झाला. युद्ध संपल्यावरही नफा चढाच राहिला, तेव्हा वर्षाकाठी महिन्याच्या पगाराइतका बोनस वेगळा मिळू लागला.

१९२३ मध्ये नफा घसरला आणि मालकांनी बोनस नाकारला. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला: रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर हक्क शाबीत होत नाही. मालकाची मर्जी असेल तर बोनस, एवढाच त्याचा अर्थ.

तो अर्थ पुसला गेला १९५० मध्ये. मुंबईच्या गिरणीमालक संघाविरुद्ध राष्ट्रीय मिल मजदूर संघ या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने हिशेबच मांडून दिला. नफ्यातून आधी घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, कर आणि भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा वजा करायचा. उरलेल्या शिलकीत कामगाराचा वाटा. मात्र शिल्लक नसेल तर वाटाही नाही.

हीही अट पुढे गेली. बोनसच्या प्रश्नासाठी नेमलेल्या मेहेर आयोगाच्या अहवालानंतर १९६५ मध्ये बोनस कायदा झाला आणि तोट्याच्या वर्षीही किमान चार टक्के बोनस बंधनकारक ठरला. नंतर ते प्रमाण ८.३३ टक्के झाले. शंभराला बाराने भागले की हाच आकडा येतो: वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. १९२४ चा संप नेमका तेवढ्यासाठीच होता.

२०१९ च्या वेतनसंहितेतही हे प्रमाण कायम आहे. वेतनमर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात तीस दिवस काम केलेल्या कामगाराचा तो हक्क आहे. दिवाळीला तो हाती पडतो, म्हणून त्याला दिवाळीची भेट समजू नये.