स्वैरवादन आणि ठेका

पाश्चात्त्य संगीत म्हणजे लिहिलेल्या स्वरांचे काटेकोर वादन, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पॅरिसमधील एका वाद्यपंचकाचा इतिहास पाहता तो टिकत नाही.

१९३४ साली क्लॅरिज हॉटेलातील लुई व्होला यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली व गिटारवादक जँगो राइनहार्ट काम करीत. विश्रांतीच्या वेळी ते पडद्याआड केवळ स्वानंदासाठी वाजवू लागले. जँगोस स्वरलिपी वाचता येत नसे. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटेही अधू झाली होती. त्याचा भाऊ जोसेफ दुसरी गिटार घेऊन व व्होला डबल बास घेऊन त्यांस मिळाले. पुढे जँगोने तक्रार केली : ग्रापेली वाजवितो तेव्हा त्याच्यामागे दोन गिटारी असतात, माझ्यामागे मात्र एकच! म्हणून रोजे शापू आला आणि पंचक पुरे झाले. त्यात ना ढोल, ना सुषिर वाद्य, पाचही तंतुवाद्येच.

या तक्रारीतच स्वैरवादनाचे मर्म आहे. परिचित गीताची चौकट जोसेफ, शापू व व्होला अखंड धरून ठेवीत, म्हणूनच उरलेल्या दोघांस तत्क्षणी सुचेल ते वाजविता येई. आपल्या बैठकीत तंबोरा व ठेका हेच कार्य करतात. १९३९ च्या महायुद्धाने ग्रापेली लंडनला राहिला, जँगो पॅरिसला परतला. इतिहासाने या दोघांचीच नावे मुख्यतः जपली. ठेका धरणाऱ्यांचे ऋण मात्र श्रोत्यांनी, आणि आपण शिक्षकांनीही, विसरू नये.