अवरोधी कावीळ
यकृतात तयार होणारे पित्त आतड्यात उतरण्याच्या वाटेतच अडल्याने होणारी कावीळ. पित्ताशयातून घसरून मुख्य पित्तनलिकेत अडकलेला खडा हे तिचे नेहमीचे कारण. स्वादुपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग हे त्याहून गंभीर. नलिका या शीर्षालगत, बहुधा त्याच्या आतूनच जात असल्याने तेथील गाठ तिला दाबते. तुंबलेल्या पित्तातील बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य रक्तात उतरते, तेव्हा डोळे पिवळे, लघवी गडद आणि मल पांढुरका होतो. अंगाला खाज सुटते. खड्यामुळे बहुधा पोटात कळा येतात. उलट, वेदनेविना वाढणारी कावीळ आणि हाताला लागणारे फुगलेले पित्ताशय यांवरून गाठीचा संशय घ्यावा, हे स्विस शल्यविशारद कूर्व्हाझिए यांचे १८९० मधील निरीक्षण आजही उपयोगी आहे. सोबत थंडी वाजून ताप आल्यास नलिकेत जंतुसंसर्गाची शक्यता असते. अशा रुग्णाला झाडपाल्याच्या औषधावर न ठेवता तातडीने रुग्णालयात न्यावे.