तळटीप १४ : ‘गोळेश्वरचे खाशाबा’

१४. खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४). मुलचेऱ्याच्या मैदानावर गुरुजी पोरांना ज्यांचे नाव घेऊन दम भरतात, ते कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे. १९५२ साली हेलसिंकीत फ्रीस्टाईल कुस्तीच्या बँटमवेट गटात (५७ किलो) कांस्य. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीचे, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवचे. मजकुरात ‘भारताचे पहिले पदक’ असे आहे, ते ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ असे वाचावे. हॉकीचे सुवर्ण १९२८ पासूनचे. हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिल्याचे सांगतात. पुढच्या परिच्छेदातली ‘गाड्यांची रांग’ ही पदक घेऊन परतलेल्या खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या नावाचे कुस्ती स्टेडियम दिल्लीत आहे.