चटका कळायला हवा

तापल्या तव्याला जिचा हात कधी लागलाच नाही, अशी बाई चंद्रपूर-गडचिरोलीत शोधूनही सापडायची नाही. तवा लागला की हात झटकन मागे येतो, आणि तोंडातून ‘आई गं’ मागाहून निघतं. कारण असं, की आपल्या कातडीत मज्जातंतूंची बारीक टोकं पसरलेली असतात. चटका, टोचणं, गारवा, दाब हे सगळं त्यांना कळतं. तो निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत धावतो आणि ‘हात काढ’ हा हुकूम तिथूनच सुटतो. दुखल्याची खबर मेंदूला क्षणभर उशिराच मिळते.

हा निरोप तुटला तर माणसाचं काय होतं, हे आपल्या भागानं फार जवळून पाहिलं आहे. म्हणून आज आम्ही कुष्ठरोगाचा इतिहास सांगणार आहोत.

या रोगात बोटं सडून गळतात, असंच पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. कुणी देवाचा कोप म्हणे, कुणी मागच्या जन्मीचं पाप. १८९८ साली इंग्रज सरकारनं निराधार कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याचा कायदाच केला. खरं तर त्याआधी, १८७३ साली, नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांनी या रोगाचा जंतू शोधला होता. म्हणजे हा शाप नव्हता, आजार होता. पण बोटं झिजतात कशानं, हे कोडं राहिलंच.

ते सुटलं तामिळनाडूतल्या वेल्लोरला. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. विस्तवात पडलेला बटाटा एक रुग्ण उघड्या हातानं काढतो, हे त्यांनी पाहिलं. काहींची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत, तरी त्यांना जाग येत नसे. जंतू बोटं खात नव्हता. तो कातडीजवळच्या, शरीराच्या थंड भागांतल्या मज्जातंतूंत शिरून ते निकामी करत होता. मग चटका कळत नाही, काटा कळत नाही. जखमेवरच काम चालू राहतं, ती चिघळते, हाडापर्यंत जाते. कोपराजवळचा मज्जातंतू गेला की बोटं आत वळतात. घाम थांबल्यानं कातडी कोरडी पडून भेगाळते. डोळ्याची पापणी मिटेनाशी होते.

त्याच काळात आपल्या वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताई उभे राहिले. बाबांनी कलकत्त्याला जाऊन या रोगाचं शिक्षण घेतलं. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि दगडधोंड्यांची जमीन, एवढ्यावर आनंदवन सुरू झालं. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. ज्या हातांना गावानं पाण्याच्या घागरीला शिवू दिलं नव्हतं, त्याच हातांनी तिथे विहीर खणली, धान्य पिकवलं. पुढे मूल तालुक्यात सोमनाथ उभं राहिलं. १९७३ साली भामरागडच्या जंगलात हेमलकसा सुरू झालं, आणि तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. त्याच सुमारास जगभर बहुविध औषधोपचार आला. दोन-तीन औषधं एकत्र, सहा महिने किंवा वर्षभर, सरकारी दवाखान्यात फुकट. २००५ च्या डिसेंबरात देशात रुग्णांचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. तरी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात.

बाईच्या वाट्याला यातलं दुःख दुप्पट आलं. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ते थेट २०१९ साली निघालं. कायद्यातून निघालं, पण घरातून पुरतं निघालेलं नाही. सासरी कळलं तर काय, म्हणून पदराआड चट्टा लपवला जातो. तो चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्यामुळे लपवणं सोपं जातं. पण औषधानं जंतू मरतो, मेलेला मज्जातंतू मात्र सहसा परत येत नाही. उशीर होतो तो तिथे.

म्हणून एवढं करा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर डोळे मिटून त्यावर कापूस फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही, किंवा हातापायांना सारख्या मुंग्या येत असतील, तर आशाताईंना सांगा. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, ती एकमेकींची पाहा. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत रोग पसरणं थांबतं. तिला वेगळं ताट, वेगळी खाट नको.

आणि जिच्या हातापायांची जाणीव गेली आहे, तिनं कातडीचं काम डोळ्यांवर सोपवावं. भांडं फडक्यानं किंवा सांडशीनंच उचलावं. तेंदूपत्ता, मोहफुलं वेचायला अनवाणी जाऊ नये. रोज रात्री हातपाय पाण्यात भिजवून, तेल लावून, दिव्याखाली नीट पाहावेत. फोड दिसला तर दुसऱ्या दिवशी तो हात कामाला लावू नये, त्या दिवशीची भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणी थापावी.