विजाणूपासून गणकयंत्रापर्यंत

ठाण्याच्या उत्तरेला उल्हास नदीच्या खाडीकाठी कोलशेत नावाचे गाव आहे. आगरी-कोळ्यांची वस्ती; मासेमारी, भातशेती आणि रेतीबंदर ही त्याची जुनी ओळख. पुढे कोलशेत रस्त्याला कारखाने आले, आणि आता तिथे उंच इमारती उभ्या आहेत. शेजारी बाळकूमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बारावीचा निकाल लागला की अशा गावांतून एक प्रश्न हमखास निघतो : पोराला, पोरीला कुठल्या शाखेला घालायचं? पुष्कळांच्या तोंडी उत्तर तयार असते : इलेक्ट्रॉनिक्स, नाहीतर कॉम्प्युटर. अलीकडे तर ही दोन्ही नावे एकाच पदवीत जोडलेली दिसतात. ही विद्या आपल्याकडे आली कशी आणि तिचे दार कोणासाठी उघडले, हे आज पाहू या.

प्रथम नावाचा अर्थ. इलेक्ट्रॉनला मराठीत विजाणू म्हणतात. इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली त्याचा शोध लावला. पुढे दहा वर्षांच्या आत काचेची निर्वात नळी तयार झाली. तिलाच आपण रेडिओचा व्हॉल्व्ह म्हणत होतो. या नळीत तापलेल्या तारेतून विजाणू निघतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. वाटेत एक बारीक जाळी असते. शेताच्या पाटावर फळी बसवतात ना, तसेच तिचे काम. फळी हाताने जराशी वर-खाली केली की केवढा पाण्याचा लोट सुटतो किंवा अडतो! तशीच जाळीवरच्या क्षीण विद्युतदाबाने विजाणूंची मोठी धार आवरता येते. दुरून आलेला क्षीण आवाज त्यामुळे मोठा करता येतो. हा झाला रेडिओ. आणि फळी एकतर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद, एवढेच ठेवले तर? उघडी म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. या दोन खुणांवर सगळा हिशेब मांडता येतो. हे झाले गणकयंत्र. म्हणजे पदवीतली ती दोन नावे मुळात एकाच घरची भावंडे आहेत.

यांतले थोरले भावंड खेड्यात आधी पोहोचले. मुंबईला नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापून एक प्रयोग केला. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत. योगायोग असा की, त्याच १९५६ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत धाकट्या भावंडाने पहिले पाऊल टाकले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने नुकतेच विलायतेहून एक गणकयंत्र आणले होते. मुंबईकरांनी मात्र ते इथेच बांधायचे ठरविले.

होमी भाभांच्या या संस्थेत आर. नरसिंहन हे त्या तुकडीचे म्होरके होते. त्यांच्या सोबतीच्या तरुणांपैकी बहुतेकांनी गणकयंत्र कधी वापरलेलेही नव्हते, मग बांधणे तर दूरच! आधी त्यांनी लहानसा नमुना करून पाहिला. तो चालल्यावर मोठे यंत्र हाती घेतले आणि १९६० साली ते कामाला लावले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह आणि १२,५०० रोधक होते. स्मरणशक्ती म्हणाल तर २,०४८ संख्यांची. आज खिशातल्या फोनची स्मृती त्याच्या लाखो पट असते. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्या यंत्राला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. दोन-तीन वर्षांत ते जुने झाले आणि बाहेरून आणलेल्या मोठ्या यंत्राने त्याची जागा घेतली. मग खटाटोप वाया गेला का? नाही. यंत्र मोडीत निघाले, पण ते बांधताना आलेली विद्या माणसांपाशी राहिली. यंत्र आधी आणि वर्ग मागाहून, असा या शिक्षणाचा आपल्याकडचा क्रम आहे.

वर्ग कसे भरले तेही पाहू. पुण्याचे अभियांत्रिकी शिक्षण १८५४ सालचे, मुंबईची व्ही. जे. टी. आय. १८८७ सालची. पूल, कालवे, गिरण्या हे त्या काळचे मुख्य विषय. विजाणूंची विद्या पुढे विद्युत शाखेच्या पोटात वाढली. १९५८ साली मुंबईची आय. आय. टी. निघाली, ती वरळीच्या एका उसन्या इमारतीत. ३,४०० हून अधिक अर्जांतून १०० विद्यार्थी निवडले होते. मग ती पवईला गेली आणि सोव्हिएत मदतीतून तिला 'मिन्स्क' गणकयंत्र मिळाले. कानपूरच्या आय. आय. टी. त तर १९६३ सालीच अमेरिकी यंत्र आले होते. तिकडे परदेशात व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली होती, आणि १९७१ साली गणकयंत्राचे सगळे काळीज नखाएवढ्या चकतीवर मावले. यंत्र स्वस्त झाले तशी ही विद्या साध्या महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली.

खेड्यातले मूल यात कुठे बसते, असे कोणी विचारील. विजय भटकरांचे उदाहरण घ्या. १९४६ साली अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढे बडोदा आणि दिल्ली येथे शिकले. हव्या त्या ताकदीचा महासंगणक परदेशातून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. भटकरांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. एकच अजस्र यंत्र न बांधता पुष्कळ लहान प्रक्रियक एका कामाला जुंपायचे, ही त्यामागची युक्ती. गाव करील ते राव काय करील, म्हणतात ना, तेच!

पण सगळ्यांची वाट अशी सरळ नसते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा भराभर वाढल्या; परप्रांतात जाणारी मुले इथेच शिकू लागली. पण दार उघडले ते उंबऱ्यावर फी ठेवून. देणग्यांचा बोभाटा इतका झाला की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढे तीस-एक वर्षांनी उलट चित्र दिसले : जागा रिकाम्या आणि पदवी घेऊनही हातात काम नाही. रान विकून फी भरलेल्या बापाने ते कोणाला सांगायचे?

म्हणून नुसते शाखेचे नाव ऐकून भुलू नये. प्रयोगशाळेत मुलांच्या हाती यंत्रे देतात का, हे जाऊन पाहावे. सवलतींची चौकशी करावी. केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्य शासनाने पूर्ण फीमाफी ठरविली आहे. भाषेची अडचणही खरी आहे. मराठी शाळेतून आलेले हुशार मूल पहिल्या वर्षी इंग्रजीनेच गांगरते. २०२१ साली मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता मिळाली, आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग उघडला. पाऊल लहान आहे, पण योग्य दिशेने पडले आहे.

शेवटी शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. या विद्येचा पाया महाविद्यालयात नव्हे, आठवी-नववीच्या वर्गात पडतो. एक बॅटरी, एक दिवा, दोन बटणे एवढे सामान पुरे. दोन्ही बटणे दाबली तरच दिवा लागेल, किंवा कोणतेही एक दाबले तरी लागेल, अशा दोन जोडण्या मुलांना स्वतः करू द्या. गणकयंत्र आतून असाच विचार करते, हे मग त्यांना सांगा. टिफ्रॅक बांधणाऱ्या तरुणांनीही आधी लहान नमुनाच करून पाहिला होता. आपल्या मुलांनीही तिथूनच सुरुवात करावी.