खिदिरपूरचा घोडा आणि उदयपूरची जीप

राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागावी? ही म्हण आपल्या कानांवरून शेकडो वेळा गेली असेल. तिचा घाट प्रश्नाचा आहे, परंतु तिच्या पोटात उत्तर आधीच ठरलेले आहे: दाद कोठेच मागता येत नाही. पाऊस निसर्गाच्या नियमाने पडतो आणि राजा स्वतःच नियम घालून देतो. मग या दोघांना जाब विचारणार कोण? राजे गेले, प्रजासत्ताक आले. तरीही राज्यसंस्थेच्या हातून सामान्य माणसाचे नुकसान झाले, तर ते भरून देण्यास राज्य बांधलेले आहे काय, हा प्रश्न राजांबरोबर गेला नाही. त्याचा निवाडा भारतात जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तो बहुधा एखाद्या साध्या रस्त्यावरच्या अपघातातून झाला. त्याचाच इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

रस्ता ही मोठी समदर्शी जागा आहे. कचेरीत सरकार टेबलाच्या पलीकडे बसलेले असते आणि नागरिक अलीकडे उभा असतो. रस्त्यावर मात्र जिल्हाधिकाऱ्याची मोटार, लष्कराचा ट्रक, एस.टी.ची बस आणि पायी चालणारा मजूर हे सारे एकाच मातीवरून जातात. म्हणूनच, सरकार हे इतरांसारखेच एक वाटसरू आहे की वाटेवरचे नियम त्याला लागूच होत नाहीत, हा प्रश्न येथे उघडा पडतो.

पहिली हकीकत कलकत्त्याची आहे. कंपनी सरकारचा अंमल संपत आला असतानाच्या काळात खिदिरपूर येथे सरकारी गोदी होती आणि तिच्यातून सार्वजनिक रस्ता जात असे. एके दिवशी गोदीतील सरकारी कामगार आगबोटीच्या धुराड्याचा एक अवजड लोखंडी भाग उचलून रस्त्याच्या मधून चालले होते. तेवढ्यात पी. अँड ओ. या जहाज कंपनीची घोडागाडी समोरून आली. पुढचे कामगार एका बाजूला वळू लागले, मागचे दुसऱ्या बाजूला. गोंधळ उडाला, आणि गाडी अंगावर येते असे पाहून सर्वांनी लोखंड तेथेच टाकून पळ काढला. त्या आवाजाने घोडे बुजले, उधळले आणि त्या लोखंडावर जाऊन आदळले. एक घोडा जखमी झाला. जहाज कंपनीने साडेतीनशे रुपयांच्या भरपाईसाठी सरकारवर दावा लावला.

साडेतीनशे रुपयांचा हा दावा कलकत्त्याच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टापुढे आला आणि १८६१ मध्ये मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी त्याचा निर्णय दिला. सरकारला भरपाई द्यावी लागली. त्यामागची विचारसरणी अशी होती: ईस्ट इंडिया कंपनी एकाच वेळी व्यापारीही होती आणि राज्यकर्तीही होती. एखादा खाजगी मनुष्य वा मंडळी जो उद्योग करू शकेल, तो कंपनीने केला आणि तिच्या नोकरांच्या हयगयीने कोणाचे नुकसान झाले, तर इतर कोणत्याही मालकाप्रमाणे तिनेही ते भरून दिले पाहिजे. गोदी चालविणे हे अशा प्रकारचे काम होय. परंतु युद्ध, तह यांसारखी जी कामे केवळ राज्यसत्ताच करू शकते, त्यांबद्दल मात्र दावा लागू शकत नाही. हा निकाल पुढे मुंबई हायकोर्टाच्या निर्णयसंग्रहाच्या पाचव्या खंडात परिशिष्ट म्हणून छापला गेला, आणि देशभरचे वकील आजही त्याचा दाखला तेथूनच देतात.

एका जखमी घोड्याने अशा रीतीने सरकारच्या कामांचे दोन भाग पाडले: एक जबाबदारीचा, दुसरा सुटकेचा. या दोहोंमधील रेघ पुढे शतकभर जागच्या जागी राहिली. १८५८ च्या कायद्याने कंपनीवर जे दावे लागू शकत होते, ते भारतमंत्र्यावर लागू शकतील असे ठरविले होते. १९१५ च्या व १९३५ च्या कायद्यांनी तोच वारसा पुढे चालविला. आपल्या राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदानेही, संसद वा विधिमंडळ निराळा कायदा करीपर्यंत, राज्याची जबाबदारी पूर्वीइतकीच राहील असे म्हटले. म्हणजे स्वतंत्र भारतातील नागरिकाचा हक्क मोजण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची फूटपट्टीच वापरावी लागणार होती.

आता दुसरी हकीकत. ११ फेब्रुवारी १९५२ ची संध्याकाळ. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांसाठी ठेवलेली सरकारी जीप दुरुस्त होऊन कारखान्यातून परत येत होती. ती हाकणारा चालक हंगामी आणि उमेदवारीवरचा होता. रस्त्याकडेच्या पदपथावरून एक गृहस्थ चालले होते. भरधाव जीपने त्यांना धडक दिली. कवटी आणि पाठीचा कणा यांना जबर इजा होऊन तीन दिवसांनी इस्पितळात त्यांचा अंत झाला. मागे पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी राहिली. या मायलेकींनी चालक आणि राजस्थान सरकार या दोघांवर पंचवीस हजार रुपयांचा दावा लावला.

सरकारचा बचाव काय होता, हे ऐकण्यासारखे आहे. जीप जिल्हाधिकाऱ्यांच्या सरकारी कामासाठी ठेवलेली, म्हणून ती राज्यसत्तेच्या वापराचाच एक भाग. सबब तिच्या चालकाच्या चुकीबद्दल राज्य जबाबदार नाही. खालच्या न्यायालयाने हे मान्य केले आणि हुकूमनामा एकट्या चालकावर केला. हंगामी चालकावरचा असा हुकूमनामा हाती येऊन विधवेला प्रत्यक्षात काय मिळणार, हे सांगण्याची गरज नाही. राजस्थान हायकोर्टाने हा निर्णय फिरविला आणि राज्यावरही पंधरा हजार रुपयांची जबाबदारी बसविली. राज्याने त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

२ फेब्रुवारी १९६२ रोजी सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी अपील फेटाळले. दुरुस्त झालेली मोटार कारखान्यातून साहेबांच्या बंगल्यावर नेणे यात राज्यसत्तेचा कसला वापर आला? राजा चुकतच नाही ही कल्पना सरंजामशाहीतील आहे आणि इंग्लंडनेही तिला १९४७ च्या कायद्याने निरोप दिला आहे. आपल्याकडे तर प्रजासत्ताक स्थापन झाले असून लोककल्याण हे राज्याचे ध्येय आहे. तेव्हा इतर कोणत्याही मालकाप्रमाणे राज्यानेही आपल्या नोकराच्या चुकीचे उत्तर दिले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. दाव्याच्या वेळी तीन वर्षांची असलेली ती मुलगी निकालापर्यंत आपले बालपण ओलांडून गेली असेल. पंधरा हजार रुपये देण्याचे टाळण्यासाठी एक राज्य देशातील सर्वांत वरच्या पायरीपर्यंत चढले आणि तेथे एका विधवेपुढे हरले. कायद्याच्या ग्रंथांत तो खटला आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

येथे ही कथा संपली असती तर फार बरे झाले असते. परंतु अवघ्या अडीच वर्षांत, १९६४ मध्ये, त्याच न्यायालयापुढे अमृतसरच्या एका सराफी पेढीचा खटला आला. १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी पेढीच्या भागीदाराला अडवून शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले होते. ठाण्यातील हेड कॉन्स्टेबलनेच ते लांबविले आणि तो पाकिस्तानात निघून गेला. कुंपणानेच शेत खाल्ले होते. सरन्यायाधीशपदी तेव्हा साताऱ्याला जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. अटक व जप्ती ही राज्यसत्तेचीच कामे होत, म्हणून खिदिरपूरच्या रेघेप्रमाणे राज्य सुटते, असा निर्णय त्यांना द्यावा लागला. मात्र ही स्थिती समाधानकारक नाही आणि विधिमंडळांनी इंग्लंडप्रमाणे या विषयावर कायदा करावा, असे त्यांनी निकालातच स्पष्टपणे बजावले.

असा कायदा करावा हे विधी आयोगानेही आपल्या अगदी पहिल्या अहवालात, १९५६ मध्ये, सांगितले होते. १९६५ मध्ये व पुन्हा १९६७ मध्ये तशी विधेयके लोकसभेपुढे आली. दोन्ही कायदा न होताच राहिली.

कायदा नसला की काय होते, ते लष्करी वाहनांच्या खटल्यांत दिसते. कामावरच्या जवानांसाठी जेवण घेऊन जाणाऱ्या लष्करी ट्रकने अपघात केला, तेव्हा पंजाब हायकोर्टाने ते राज्यसत्तेचे काम मानले आणि सरकार सुटले. त्याच न्यायालयापुढे पुढे कोळसा वाहणाऱ्या लष्करी ट्रकचा खटला आला, आणि तेव्हा सरकार जबाबदार ठरले. हवाई दलाच्या वाहनाने हॉकी व बास्केटबॉलच्या खेळाडूंची ने-आण केली होती. त्याच्या अपघाताबद्दल दिल्ली हायकोर्टाने १९६७ मध्ये सरकारला भरपाई द्यावयास लावली. नौदलाच्या जहाजासाठी वायू वाहणाऱ्या ट्रकने एका मुलाला जखमी केले, तेव्हा मद्रास हायकोर्टाने १९७५ मध्ये सरकारला मोकळे केले आणि दयाबुद्धीने काही रक्कम देण्याची शिफारस तेवढी केली. श्रोतेहो, ट्रकमध्ये भाकरी आहे की कोळसा आहे, यावर चाकाखाली सापडलेल्या माणसाचे दुःख कमीअधिक होत नाही. त्याचा हक्क मात्र होत होता.

वाहनांच्या बाबतीत पुढे मार्ग पुष्कळ सुकर झाला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ च्या दुरुस्तीने चूक सिद्ध न करताही ठराविक भरपाई मिळू लागली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर जिची पहिली बस धावली, त्या आपल्या एस.टी.लाही या न्यायाधिकरणांपुढे उभे राहून उत्तर द्यावे लागते. तरीही एक सवलत १९३९ च्या कायद्यापासून आजवर टिकून आहे. सामान्य माणसाने विमा न उतरविता स्कूटर रस्त्यावर आणली तर तो गुन्हा होतो. परंतु धंद्याशी संबंध नसलेल्या सरकारी कामाच्या वाहनास केंद्र वा राज्य सरकारने विमा उतरविलाच पाहिजे असे नाही. सरकार स्वतःच ऐपतदार आहे, हे त्याचे कारण. ऐपत खरोखर असते. उदयपूरच्या खटल्यात उणीव होती ती देण्याच्या इच्छेची.

आणि वाहन सरकारचे नसले तरी रस्ता सरकारचा असतोच. राजकोटमध्ये १९७५ साली पदपथावरून जाणाऱ्या एका माणसावर रस्त्याकडेचे झाड कोसळले आणि तो मृत्यू पावला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेला त्या मृत्यूच्या भरपाईतून मुक्त केले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने रस्त्याची आखणी, बांधणी व देखभाल सदोष ठेवून मृत्यूस वा अपंगत्वास कारण होणाऱ्या अधिकारी यंत्रणेस आणि ठेकेदारास प्रथमच दंड सांगितला. पण त्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये देण्याचा आदेश संबंधित यंत्रणांना दिला. खिदिरपूरची रेघ पुसत पुसत न्यायालये आता खड्ड्याच्या काठापर्यंत येऊन पोचली आहेत.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. जबाबदारी राज्याने आपण होऊन क्वचितच पत्करली. ती कोणी ना कोणी त्याच्याकडून मागून घेतली. खिदिरपूरला मागणारी एक धनाढ्य जहाज कंपनी होती. तिला वकिलांची आणि वेळेची वाण नव्हती. उदयपूरला मागणारी एक विधवा होती, आणि तिला दहा वर्षे लागली. ज्यांना इतकी वर्षे थांबता आले नाही, त्यांचे खटले निर्णयसंग्रहात सापडत नाहीत. त्यांची गणती कोणत्याही ग्रंथात नाही. घटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाने संसदेसाठी मोकळी ठेवलेली जागा आजही मोकळीच आहे. ती भरली गेली, तर अपघातग्रस्ताला ट्रकमध्ये काय भरले होते हे विचारीत न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, आणि राजाने मारले तर दाद कोठे मागावी, हे त्याला कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले सापडेल.